वही, टेप आणि वर्गातलं बोलणं



आधी जरा समोरच्या टेबलाकडे बघा. तांब्या-भांडं आहे, आमची टिपणं आहेत आणि चार मोबाइल आहेत. त्या चारांतला एकही आमचा नाही. (हशा) एक आयोजकांचा आहे. त्यावरून या भाषणाचा मजकूर तयार होईल आणि जे आज इथे नाहीत त्यांना तो वाचायला मिळेल. बाकीचे तीन पुढच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनी आणून ठेवले. विचारून ठेवले, हे मुद्दाम सांगतो, कारण त्यावर पुढे बोलायचं आहे. आणि आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणाचं नाही. हे टिपण तिघांनी मिळून केलं आहे, बोलायचं काम एकाच्या वाट्याला आलं आहे.

विषय असा : विद्यापीठातली व्याख्यानं अभ्यासासाठी टेप करणं. ऐकून वाटेल, हा तर विद्यार्थ्यांना सूचना द्यायचा विषय झाला. माइक कुठे ठेवावा, बॅटरी किती टिकते, वगैरे. आमच्या मते हा समीक्षेचा प्रश्न आहे. कुणीतरी बोललं, कुणीतरी टिपलं आणि त्याचं पुस्तक झालं, अशी पुस्तकं आपल्या अभ्यासाच्या पायाशी आहेत. नेवाशात ज्ञानेश्वर बोलले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, शके १२१२. पुढे पाठ बिघडत गेले म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. बोलणारा, टिपणारा, दुरुस्त करणारा, अशी ही तिघांची साखळी आपल्याकडे फार जुनी आहे. यंत्र आलं आणि मधला माणूस गेला, असं आपण समजतो. तो खरंच गेला का, हा आजचा प्रश्न.

आधी आमची गोष्ट सांगतो. १९९२ ते १९९४ आम्ही चौघं एका विद्यापीठाच्या मराठी विभागात एम.ए. करत होतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, सरांचंही नाही. का, ते शेवटी कळेल. सर साहित्यशास्त्र शिकवायचे. भरताचं रससूत्र, अभिनवगुप्त, मग मर्ढेकर. हातात चिटोरंही नसायचं. वाक्य अर्ध्यात सोडायचे, खिडकीबाहेर बघायचे, मध्येच दुसरं काही सांगायचे आणि तीन मिनिटांनी ते पहिलं वाक्य पुरं करायचे. लिहून घेणाऱ्याचे हाल. आमच्यातला एक मित्र अंध होता, टेपरेकॉर्डर घ्यायची कल्पना त्याची. वर्गणी काढली, सेकंडहँड यंत्र घेतलं. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. तास पंचावन्न मिनिटांचा. त्यामुळे मधोमध खट् आवाज व्हायचा, सर थांबायचे आणि विचारायचे, “उलटली? बोलू आता?” अख्खा वर्ग हसायचा.

दोन वर्षांत चौतीस कॅसेटी झाल्या. आणि काय झालं? आम्ही तिघांनी लिहिणं सोडलं. हात बांधून बसायचो. टेप चालू आहे ना, मग घाई कसली! परीक्षेच्या आधी पंधरा दिवस कॅसेटी काढल्या तेव्हा साधा हिशोब समोर आला : चौतीस तास ऐकायला चौतीस तास लागतात. वही चाळता येते, कॅसेट चाळता येत नाही. बोट ठेवून मागे-पुढे केलं की नुसती किरकिर ऐकू यायची. रससूत्र कुठल्या कॅसेटच्या कुठल्या बाजूला आहे हेच सापडेना. शेवटी वर्गातल्या एका मैत्रिणीची वही मागून आणली. ती एसटीने रोज यायची-जायची, घरी टेप नव्हता, म्हणून तिने लिहिणं सोडलं नव्हतं. तिच्या वहीवर आम्ही तिघं पास झालो.

चौथ्याची गोष्ट वेगळी. आमचा अंध मित्र तास संपला की त्याच संध्याकाळी कॅसेट ऐकायचा, थांबवत थांबवत, आणि ब्रेलमध्ये एका तासाची एक पट्टी करायचा : आठ-दहा मुद्दे, बस्स. म्हणजे टेप त्याने वापरला आणि आम्ही साठवला. मुंबईतल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची बोलकी पुस्तकं ऐकत तो शिकलेला. ऐकणं हे काम आहे, आपोआप होणारी गोष्ट नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पुढचं सगळं बोलताना हे लक्षात ठेवा की यंत्राविरुद्ध आमची तक्रार नाही. कित्येकांसाठी वर्गातलं बोलणं टेप करता येणं म्हणजे शिक्षणाचं दार उघडं असणं. तक्रार आहे ती, यंत्र चालू केलं म्हणजे ऐकून झालं, या समजुतीविरुद्ध.

आता पुस्तकांकडे येऊ. तीन घेतली आहेत.

पहिलं आपल्या घरातलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. दर रविवारी एक, २१ फेब्रुवारीला सुरू करून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती टिपून घेतली आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. टेप नाही, लघुलेखक नाही. माणूस बोलतो साधारण मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द आणि भराभर लिहिणाऱ्याचा हात चालतो पंचवीस-तीस शब्दांच्या गतीने. म्हणजे बोललेल्या पाच शब्दांतला एक कागदावर येतो. उरलेले चार टिपणाऱ्याच्या डोक्यात राहतात आणि तिथून परत यावे लागतात.

मग ‘गीता प्रवचने’चं गद्य कुणाचं? विनोबांनी तो मजकूर आपला म्हणून स्वीकारला, हे खरं. तरीही वाचक म्हणून आम्हाला काय जाणवतं ते सांगतो. विनोबांचे ‘मधुकर’मधले निबंध काढून बघा. वाक्य आवळलेलं, सूत्रासारखं, एका शब्दाची फोड करत पुढे जाणारं. प्रवचनांतही विचार तोच आहे, फोड करायची सवय तीच आहे. पण वाक्याला एक ओल आहे. दृष्टांतावर दृष्टांत येतो, आई येते, शेतकरी येतो, ऐकणाऱ्याला जवळ बसवून सांगितल्यासारखं होतं. समोर तुरुंगातले सोबती बसले होते म्हणून विनोबाच तसे बोलले असतील. किंवा टिपणाऱ्याच्या मनात जे जास्त रुजलं ते जास्त उतरलं असेल. दोन्हींतलं नेमकं काय, याचा निवाडा टेप नसल्यामुळे होणार नाही.

पण एक गंमत बघा. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची रचना कशी आहे? रात्र पहिली, रात्र दुसरी. आश्रमातले मित्र जमले आहेत आणि श्याम बोलतो आहे. आदल्या वर्षी दर रविवारी दुसऱ्याचं बोलणं हाताने उतरवणारा माणूस पुढच्या वर्षी स्वतःचं पुस्तक ‘बोलणं’ म्हणून रचतो. यातून कार्यकारण काढण्याचा मोह आम्ही आवरतो. एवढंच म्हणतो की टिपून घेणं ही लेखकाची उमेदवारी असू शकते. दुसऱ्याचं वाक्य कुठे वळतं, कुठे थांबतं, श्रोता कुठे पुढे सरकून बसतो, हे हाताला कळतं. टेपने त्या अठरा प्रवचनांचा शब्द न् शब्द वाचवला असता. टिपणाऱ्याचा हात मात्र घडला नसता.

दुसरं पुस्तक परदेशातलं, पण भाषाविज्ञान शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचं. फर्दिनां द सोस्यूर यांनी जिनिव्हा विद्यापीठात १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाविज्ञानाचे तीन अभ्यासक्रम शिकवले. १९१३ मध्ये ते गेले. पुस्तक लिहिलं नव्हतं. त्यांच्या शाली बायी आणि आल्बेर सेशए या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि १९१६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. हे दोघं स्वतः त्या तासांना बसले नव्हते. म्हणजे ज्यांनी ऐकलं त्यांनी पुस्तक केलं नाही आणि ज्यांनी पुस्तक केलं त्यांनी ऐकलं नाही. विसाव्या शतकातला भाषेबद्दलचा बराच विचार या पुस्तकावर उभा आहे : चिन्ह, चिन्हक, चिन्हित, भाषाव्यवस्था आणि प्रत्यक्ष बोलणं यांतला फरक. आणि प्रत्यक्ष बोलण्याला दुय्यम ठरवणारं हे पुस्तक स्वतःच कुणाच्या तरी प्रत्यक्ष बोलण्यातून, दुसऱ्यांच्या वह्यांमार्फत आलेलं! (हशा)

पुढे त्या वह्या अभ्यासकांनी परत उघडल्या. १९५७ साली रोबेर गोदेल यांनी हस्तलिखित साधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नंतर रुडॉल्फ एंग्लर यांनी छापील मजकूर आणि वह्या शेजारी-शेजारी ठेवणारी आवृत्ती केली. त्यातून काय निघालं? ग्रंथाचं शेवटचं वाक्य, भाषाविज्ञानाचा खरा विषय भाषा आणि भाषाच, तिच्यापुरती आणि तिच्यासाठी, अशा आशयाचं, जे सगळे उद्धृत करतात, ते विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडत नाही. ते संपादकांचं आहे. शिवाय तिसऱ्या अभ्यासक्रमाची एमिल कॉन्स्तांतॅं यांची सविस्तर टिपणं १९५८ मध्ये उजेडात आली, पुस्तक निघून बेचाळीस वर्षं झाल्यावर.

यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणते, संपादकांनी घोटाळा केला. दुसरी म्हणते, पुस्तकाने काम केलं, मग वाक्य कुणाचं का असेना. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. बायी-सेशए यांनी विस्कळीत वह्यांतून एक सलग विचार उभा केला. ते नसते तर आज सोस्यूर हे नाव जुन्या इंडो-युरोपीय भाषांच्या अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला माहीत नसतं. चूक कुठे झाली? सांधा लपवण्यात. कुठलं वाक्य कुठल्या वहीतलं, कुठलं आपलं, हे छापील पानावर दिसत नाही. सगळं एकाच आवाजात येतं. टिपणाऱ्याने भर घालणं हा दोष नाही, ती टाळताही येत नाही. भर कुठे घातली ते न सांगणं हा दोष.

आणि इथे आपल्या म्हाइंभटांची आठवण होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. चक्रधर निघून गेल्यावर, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून विचारून. ‘लीळाचरित्र’ वाचताना एखाद्या लीळेत मध्येच वेगळा पाठ येतो आणि तो कुणाच्या सांगण्यानुसार आहे त्याचं नावही येतं. अमका असं सांगतो, तमका तसं. नवख्या वाचकाला ते अडखळायला होतं. पण तो अडखळा म्हणजे प्रामाणिकपणा आहे. तेराव्या शतकातल्या मराठी गद्याला जे सुचलं ते १९१६ च्या ग्रंथात राहून गेलं, असं म्हणायला आम्हाला थोडा अभिमान वाटतो, लपवत नाही. (टाळ्या)

तिसरं उदाहरण यंत्राच्या युगातलं. मिशेल फूको. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये १९७१ पासून १९८४ मध्ये निधन होईपर्यंत, मधलं एक रजेचं वर्ष सोडून, ते दरवर्षी व्याख्यानं देत. या संस्थेत नावनोंदणी नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. कुणीही यावं, ऐकावं. गर्दी एवढी की सभागृह भरून शेजारच्या खोलीत लाउडस्पीकर लावावा लागे. १९७६ साली त्यांनी वेळ बदलून संध्याकाळची सकाळी लवकरची केली, गर्दी कमी होईल या आशेने. ती झाली नाही. आणि त्यांच्या टेबलावर कॅसेट रेकॉर्डरांची दाटी. आपले कागद ठेवायला त्यांना ती यंत्रं बाजूला सारावी लागत.

फूको गेले तेव्हा एक अडचण उभी राहिली. मरणोत्तर काही छापू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तरीही १९९७ पासून ही व्याख्यानं पुस्तकरूपाने येऊ लागली. युक्तिवाद असा की ती जाहीर होती, त्यांच्या डोळ्यांसमोर टेप झाली होती, म्हणजे त्यांच्या हयातीतच लोकांपर्यंत पोचली होती. टेपमुळे ‘अप्रकाशित’ या शब्दाचा अर्थच बदलला! आम्हाला हा युक्तिवाद पुरता पटत नाही. बोलणं ऐकू देणं आणि पुस्तक छापू देणं या दोन वेगवेगळ्या परवानग्या आहेत. पण ही पुस्तकं नसती तर सत्तेबद्दलचा त्यांचा विचार कसा सरकत गेला, कुठे अडला, कुठली वाट त्यांनी सोडून दिली, हे आपल्याला दिसलं नसतं, हेही मान्य करायला हवं. छापून घेतलेल्या ग्रंथांत फूको खात्रीने बोलतात. व्याख्यानांत ते चाचपडतात, मागच्या आठवड्याचं बदलतात. वाचक म्हणून हे चाचपडणं आम्हाला जास्त शिकवतं.

संपादनाची पद्धतही बघण्यासारखी आहे. मजकूर शक्य तितका बोलण्याच्या जवळ ठेवायचा. विरामचिन्हं आणि परिच्छेद संपादकांचे. ऐकू आलं नाही तिथे तसं दाखवायचं, हस्तलिखितात वेगळं असेल तर तळटिपेत द्यायचं. म्हणजे सांधे उघडे. तरी यंत्राची मर्यादा सुटली नाहीच. पहिल्या दोन वर्षांची ध्वनिमुद्रणं हाती नाहीत, म्हणून ते खंड लेखी टिपणांवरून करावे लागले. कागद टिकला, फीत नाही.

आणि फितीवर नसतं ते वेगळंच. फळा फितीवर येत नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ कॅलटेकमध्ये पदार्थविज्ञान शिकवलं, तेव्हा टेपच्या जोडीला फळ्याचे फोटोही काढले गेले. ज्यांनी ती व्यवस्था केली त्यांना कळलं होतं की बोट फळ्यावर ठेवून “हे बघा” म्हणणाऱ्या माणसाचं अर्धं वाक्य फळ्यावर असतं. आमच्या कॅसेटींत सरांचं “हे इथे, आणि हे इथे, दिसतंय ना?” असं कितीतरी वेळा येतं. काय इथे, काय तिथे, फीत सांगत नाही. विद्यार्थ्यांचे प्रश्नही नसतात, कारण माइक सरांकडे तोंड करून. नुसती उत्तरं ऐकू येतात. त्यामुळे सर एकटेच, आपणहून, सलग विचार करत होते असा भास होतो. वर्ग नाहीसा होतो. टेप खोटं बोलत नाही म्हणतात, पण वर्गातलं अर्धं माणूस ऐकवून ते पूर्ण आहे असं भासवणं हेही फार खरं नव्हे.

आता आजच्याकडे. पुढच्या रांगेतले विद्यार्थी मनात म्हणत असतील, हे कॅसेटचं रडगाणं आम्हाला काय! फोनवर दीडपट वेगाने ऐकता येतं, हवं तिथे उडी मारता येते, यंत्र आपोआप मजकूर करून देतं, त्यात शब्द शोधता येतो. बरोबर आहे. आमची किरकिर ऐकण्याची तक्रार तुम्हाला लागू नाही. पण शोधता येतो तो तुम्हाला आधीच माहीत असलेला शब्द. वर्गात बसून जो शब्द पहिल्यांदा कानावर आला आणि महत्त्वाचा वाटला, तो वाटण्याचा क्षण शोधून सापडत नाही. तो वहीत असतो, अधोरेखेच्या रूपात. आणि यंत्राचा मजकूर म्हणाल, तर आमच्या एका व्याख्यानात ‘रससिद्धान्त’ चा त्याने ‘रस सिद्ध अंत’ करून ठेवला होता. (हशा) ती चूक ज्याला सिद्धान्त माहीत आहे त्यालाच दिसते.

हाताने लिहावं की टंकावं, याचा एक गाजलेला प्रयोग आहे. २०१४ साली पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी अमेरिकेत केला. लॅपटॉपवर टिपणाऱ्यांनी जास्त शब्द, जसेच्या तसे उतरवले आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत ते मागे पडले, असा त्याचा निष्कर्ष. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून बघितला तेव्हा फरक तितका स्पष्ट आला नाही. म्हणून पेनचा जय असो अशी घोषणा आम्ही देत नाही. पण त्या प्रयोगामागचा प्रश्न योग्य आहे : जसंच्या तसं घेणं आणि समजून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? वही ठेवणारा दर मिनिटाला निवड करतो. हे घेऊ, हे सोडू, इथे बाण काढू, इथे प्रश्नचिन्ह टाकू. ही निवड म्हणजे टीकाच, ग्रंथावर करतात ती टीका. टेप निवड करत नाही, म्हणून टेप ही टीका नाही, ती फक्त संहिता आहे. अभ्यासाला दोन्ही लागतं. संहिता आहे म्हणून टीका नको, असं आपण ज्ञानेश्वरीच्या बाबतीत म्हणत नाही. मग तासाच्या बाबतीत का म्हणावं?

आता त्या विचारून ठेवलेल्या मोबाइलांबद्दल. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ‘परफॉर्मर’ची म्हणजे सादरकर्त्याची व्याख्या घातली. त्या यादीत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि त्याच यादीत व्याख्यान देणारी व्यक्ती. (मोठा हशा) हसू नका, प्राध्यापक आणि गारुडी एका ओळीत बसवताना कायद्याने काहीतरी ओळखलं आहे. दोघांचंही काम समोरच्या माणसांसमोर, त्या क्षणी घडतं. त्याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा निव्वळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण हा सादरकर्त्याच्या हक्काचा भंग नाही. म्हणजे अभ्यासासाठी टेप करणाऱ्याला कायदा अडवत नाही. तोच टेप पुढे पाठवला, की गोष्ट बदलते.

कायद्यापलीकडेही काहीतरी आहे. वर्ग ही चुकण्याची जागा आहे, विद्यार्थ्याची आणि शिक्षकाचीही. एखादं मत ताणून बघायचं, विरुद्ध बाजू आपलीच असल्यासारखी मांडायची, उद्या मागे घ्यायची, ही शिकवण्याची जुनी रीत. आपल्या शास्त्रांत पूर्वपक्ष जोरात मांडल्याशिवाय सिद्धान्ताला किंमत नसते. आता पूर्वपक्षाची चाळीस सेकंदं कापून कुणी फिरवली, तर ऐकणाऱ्याला तोच सिद्धान्त वाटणार. टेपच्या धाकाने शिक्षक छापील टिपण वाचून दाखवू लागला, तर टेप करण्यासारखं वर्गात काही उरणारच नाही. म्हणून विचारणं महत्त्वाचं. विचारण्याने शिक्षकाला कळतं की ही माणसं ऐकायला बसली आहेत, पकडायला नाही.

आता सरांकडे परत येतो. दोन वर्षांपूर्वी सर गेले. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. बाईंनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाल्या, तुमच्याकडे कॅसेटी आहेत ना, बघा काही होतंय का. चौतीसपैकी एकोणतीस अजून वाजल्या. आम्ही त्या उतरवल्या, त्या मैत्रिणीची वही मागवली, मित्राच्या ब्रेल पट्ट्याही निघाल्या. तिन्ही शेजारी ठेवून वाचायला लागलो आणि अडचणीत सापडलो.

मर्ढेकरांच्या लयतत्त्वांवरचे तास घ्या. संवाद, विरोध, समतोल. टेपवर सर त्या सिद्धान्ताचा फडशा पाडतात. अर्थाला बाजूला ठेवून लय सांगता येत नाही, इथे मर्ढेकर चुकले, असं ठणकावून सांगतात. उतरवलेला मजकूर छापला, तर सर मर्ढेकरविरोधी म्हणून ओळखले जातील. पण त्याच तासाच्या शेवटी फितीवर सरांचं वाक्य आहे, “जरा ते बंद करा.” मग खट्. पुढे काही नाही. सर त्यानंतर दहा मिनिटं बोलले, एवढं आम्हाला आठवतं. काय बोलले? आम्हाला तिघांना विचारलंत तर तीन उत्तरं येतील. टेप बंद झाला तेव्हा आमचं ऐकणंही बंद झालं होतं, कारण दोन वर्षं आम्ही ऐकण्याचं काम त्याच्याकडे दिलं होतं. मित्राच्या पट्टीतही काही नाही, तो फितीवरून करायचा. फक्त वहीत चार ओळी आहेत. सरांनी म्हटलेलं असं : हे मी दहा वर्षं असंच सांगत आलो. हल्ली कविता वाचताना वाटतं मर्ढेकरांना मला न कळलेलं काहीतरी दिसलं होतं. अजून सांगता येत नाही.

म्हणजे खात्री टेपवर आहे आणि शंका वहीत आहे. आमच्या मते सरांची सगळ्यात मोलाची गोष्ट ती शंका.

पण वहीही धुतल्या तांदळासारखी नाही. ‘संवाद’ समजावताना वहीत जात्यावरच्या ओवीचं उदाहरण आहे, फार सुंदर. दळणाच्या फेऱ्याबरोबर ओळ कशी वळते ते. तो तास आम्ही तीनदा ऐकला. सरांनी ते उदाहरण दिलेलंच नाही. मैत्रिणीला फोन केला. ती हसली, म्हणाली, “अगं बाई, ते मी माझ्या आजीचं घातलं होतं. मला त्याशिवाय कळेचना.” सोस्यूरच्या शेवटच्या वाक्याची गोष्ट आमच्याच घरात निघाली. टेप नसता तर ते उदाहरण सरांच्या नावावर छापून गेलं असतं.

तर निर्णय काय? आमच्यात बराच वाद झाला. एकाचं म्हणणं, सरांनी बंद करा म्हटलं, तिथे विषय संपला, त्या चार ओळी छापायच्या नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, त्या न छापता आधीचं छापणं म्हणजे सरांबद्दल खोटं सांगणं. फूकोच्या बाबतीत परवानगीबद्दल एवढं कडक बोलणारे आम्ही, आपल्या वेळी कुठे उभे राहणार? शेवटी बाईंना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “वही बंद करा, असं म्हणाले होते का?” म्हणाले नव्हते. पोरगी समोर लिहीत होती, त्यांना दिसत होती.

तेव्हा सध्याचा आराखडा असा. मुख्य मजकूर टेपवरचा. समासात वही, मैत्रिणीच्या नावाने. आजीची ओवी राहणार, पण तिची म्हणून. जिथे फीत तुटली, फळा दिसत नाही, प्रश्न ऐकू येत नाही, तिथे तसं लिहिणार. सहकाऱ्यांबद्दल टेप बंद करून सर जे बोलले ते कुठेच येणार नाही. लयतत्त्वांच्या तासापुढे त्या चार ओळी येतील, फक्त वहीतून, असं स्पष्ट सांगून. घरच्यांनी अजून अंतिम होकार दिलेला नाही. नाव सांगितलं नाही ते त्यामुळे. होकार आला नाही तर कॅसेटी परत करू.

विद्यार्थ्यांना एकच सांगणं आहे. टेप जरूर करा, विचारून करा. आणि पेन खाली ठेवू नका. त्या दिवशी आमच्या हातात पेन असतं तर आज सरांच्या शंकेला एका वहीचा नव्हे, चार जणांचा आधार असता.

आता प्रश्नोत्तरं घेऊ. एक विनंती आहे : प्रश्न विचारताना माइक हातात घ्या आणि मोठ्याने विचारा. नाहीतर उद्या वाचणाऱ्यांना वाटेल, आम्ही एकटेच बोलत होतो.